व्हीएमसी सेटर आहे, आयटीत जायचंय. ८५ हजारांचा क्लास लावू का?

सातपूरचा सेटर

नमस्कार मंडळी. वय २७. बारावी सायन्स, मग आयटीआय मशिनिस्ट. सहा वर्षं सातपूर एमआयडीसीत व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) काढली, त्यातली शेवटची तीन सेटर म्हणून, म्हणजे नवीन कामासाठी मशीन लावून देणारा. हातात २१ हजार येतात, ओव्हरटाइम झाला तर २४ पर्यंत जातात. राहायला सिडकोत, भाड्याने. गाव दिंडोरी तालुक्यात. वडिलांची दोन एकर द्राक्षबाग आहे, पण ती मी सांभाळावी असं ना त्यांना वाटतं ना मला.

कामाचा कंटाळा आलेला नाही, हे आधीच सांगतो. नवीन जॉब लागला, झिरो (मापं जिथून मोजायची तो बिंदू) घेतला आणि पहिला पीस इन्स्पेक्शनला पास झाला की आजही बरं वाटतं. पण आमच्याकडे सेटरच्या वर जागाच नाही. सुपरवायझर साहेब ५२ वर्षांचे आहेत, त्यांचा पगार मला माहीत आहे. बायकोला सातवा महिना चालू आहे. जे काही करायचं ते आता करायला हवं असं वाटतं.

गेल्या शनिवारी कॉलेज रोडला एका क्लासच्या डेमोला गेलो. फुल स्टॅक (वेबसाइटची पुढची-मागची दोन्ही बाजू बनवणं), सहा महिने, फी ८५ हजार, हप्त्यांची सोय, शंभर टक्के प्लेसमेंट. मॅडम म्हणाल्या, आज संध्याकाळपर्यंत पाच हजार भरले तर दहा हजार सूट. मी विचारलं, मागच्या बॅचमधल्या कुणाशी बोलता येईल का? त्यांनी हार घातलेल्या मुलांचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवले, नंबर एकाचाही दिला नाही. मी काही भरलं नाही, पण तेव्हापासून रोज फोन येतोय.

मला प्रोग्रॅमिंग येत नाही. फ्लँजच्या पीसीडी होलसाठी (एका वर्तुळावर सारख्या अंतराने पाडायची भोकं) मॅक्रो, म्हणजे मशीनला द्यायच्या हिशोबाच्या ओळी, लिहितो, तेवढंच. एक्सेलमध्ये बेरीज आणि फिल्टर. इंग्रजी वाचता येतं, बोलताना अडतं. तीन शिफ्ट फिरत्या. क्लास लावू का? आणि नाही लावला तर सुरुवात कुठून करू?

मोजमाप

दादा, भरलं नाहीत ते फार चांगलं केलंत. फोन येत राहतील, येऊ द्या. मागच्या बॅचचा एक नंबर मागितला आणि मिळाला नाही, म्हणजे तुम्हाला हवं ते उत्तर तिथेच मिळालं.

तुमचं एक वाक्य मी तीनदा वाचलं. ‘मला प्रोग्रॅमिंग येत नाही, मॅक्रो लिहितो, तेवढंच.’ अहो, मॅक्रो म्हणजे प्रोग्रॅमिंगच. एका व्हेरिएबलमध्ये होलची संख्या ठेवता, दुसऱ्यात कोन. व्हाइल लावून प्रत्येक फेरीला कोन वाढवता, साइन-कॉसने एक्स आणि वाय काढता, संख्या पूर्ण झाली की बाहेर पडता. व्हेरिएबल, लूप, अट. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवणारा पहिला महिनाभर हेच तीन धडे शिकवतो. आणि नवीन प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवताना तुम्ही सिंगल ब्लॉक लावता, एक बोट फीड होल्डवर (मशीन थांबवायच्या बटणावर) ठेवता, एकेक ओळ पुढे सोडता. सॉफ्टवेअरवाले त्याला डीबगर म्हणतात. एक ओळ चालवायची, थांबायचं, व्हेरिएबलमध्ये काय आलं ते बघायचं. कितीतरी इंजिनिअरिंगच्या मुलांना ही सवय लावता लावता वर्ष जातं. तुमच्या अंगात ती आहे, कारण तुमची चूक झाली तर टूल तुटतं.

आता माझं सांगते. मी डिप्लोमा मेकॅनिकल. अंबडला एका कंपनीत सहा वर्षं इन्स्पेक्शनला होते. मापं घ्यायची बोअर गेज, हाइट गेज आणि रजिस्टर. आज पुण्याच्या एका कंपनीत डेटा अॅनालिस्ट आहे. घर गंगापूर रोडलाच, काम घरून, महिन्यातून दोनदा पहाटेच्या बसने पुणे. मधे चौदा महिने गेले. रोज रात्री साडेनऊ ते साडेअकरा, सासूबाई मुलाला झोपवायच्या तेवढा वेळ. चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप होता, त्यात फक्त एसएसडी (वेगवान डिस्क) टाकून घेतली. तेवढ्यानेच तो चालायला लागला.

मी कुठला मोठा कोर्स धरून सुरुवात केली नाही. सुरुवात झाली ती एका भांडणातून. आमच्याकडे हाउसिंग नावाच्या एका पार्टचा बोअर (आतलं भोक) मापाबाहेर जायचा. रिजेक्शन वाढलं की मीटिंगमध्ये एकच निष्कर्ष निघायचा: थर्ड शिफ्टवाले लक्ष देत नाहीत. दोन ऑपरेटर होते रात्रपाळीला, दोघेही माझ्या बापाच्या वयाचे. त्यांना मेमो मिळाले. मला ते पटत नव्हतं, पण हातात पुरावा नव्हता. रजिस्टर माझंच होतं. सात महिन्यांची पानं मी घरी बसून एक्सेलमध्ये भरली: तारीख, वेळ, मशीन, ऑपरेटर, माप. पिव्होट टेबल (एक्सेलमध्ये गटवार बेरजा काढायची सोय) तेव्हाच शिकले. शिफ्टप्रमाणे लावलं तर थर्ड शिफ्ट खरंच वाईट दिसत होती. मन खट्टू झालं. मग वेळेचा कॉलम तासातासाने तोडून पाहिला. रिजेक्शन रात्रभर पसरलेलं नव्हतंच. जेवणाच्या सुट्टीनंतरचे पहिले आठ-दहा पीस, तेवढेच जात होते. दिवसा तसं होत नव्हतं, कारण दिवसा सुट्टीत रिलिव्हर मशीन चालू ठेवायचा आणि रात्री रिलिव्हर नव्हता. मशीन अर्धा तास बंद, स्पिंडल (टूल फिरवणारा दांडा) थंड, मग चालू केल्यावर गरम होईपर्यंत माप सरकायचं. सुट्टीनंतर दहा मिनिटं वॉर्मअप सायकल चालवायला लागलो आणि प्रश्न सुटला. त्या दोन काकांचे मेमो मागे घेतले गेले.

पुढे मुलाखतीत मला ‘प्रोजेक्ट सांगा’ म्हणाले तेव्हा मी हेच सांगितलं. समोरच्या बाईंनी वीस मिनिटं त्यावरच प्रश्न विचारले. इंग्रजी माझं अडखळतच होतं, पण प्रत्येक आकडा मी हाताने लिहिलेला होता, त्यामुळे उत्तरासाठी कुठे थांबावं लागलं नाही.

म्हणून माझं म्हणणं: तुमच्या शॉपमधलं जे दुखणं तुम्हाला झोपू देत नाही, ते उचला आणि त्याच्यासाठी जे लागेल ते शिका. आधी एक्सेल नीट, म्हणजे लुकअप, पिव्होट, तारखेची सूत्रं. मग एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा. त्याला सर्व्हर वगैरे लागत नाही, एसक्यूलाइट फुकट आहे, सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो. सिलेक्ट, व्हेअर, ग्रुप बाय एका आठवड्यात समजतात. जॉइनला, म्हणजे दोन तक्ते जोडायला, मात्र वेळ द्या. मी पहिल्यांदा रिजेक्शनचा तक्ता मशीनच्या तक्त्याला जोडला तेव्हा २१४ पीसचे ३३१ झाले. दोन तास वाटत राहिलं की रजिस्टरच चुकलंय. शेवटी कळलं, मशीनच्या तक्त्यात काही मशीन दोनदा लिहिली होती, एकदा सुरुवातीला आणि एकदा सर्व्हिसिंगनंतर. तिथली प्रत्येक ओळ दुप्पट होत होती. तेव्हापासून जॉइन करण्याआधी आणि केल्यानंतर मी ओळी मोजते. आजही, रोज.

त्यानंतर पायथन. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीत आहेत, फुकट आहेत, आणि इंग्रजीची भीती असेल तर सुरुवातीला फार उपयोगी. एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स बघायला पैसे पडत नाहीत, फक्त परीक्षेला बसायचं असेल तर फी. ती परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते, म्हणून त्या प्रमाणपत्राला थोडं वजन आहे. इंग्रजी बोलण्याचं नंतर बघू, आधी एरर वाचायला शिका. पायथनचा एरर खालून वर वाचायचा. काय बिघडलं ते शेवटच्या ओळीत असतं, कुठे बिघडलं ते तिच्या वर.

नाइट शिफ्टच्या आठवड्यात नवीन काही शिकू नका. डोकं चालत नाही आणि आपल्याला जमत नाही असा गैरसमज होतो. जुनंच परत टाइप करा. आणि नोकरी सोडू नका, निदान बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत तरी. वहिनींना आधी विश्वासात घ्या. रात्रीचे दोन तास तुम्ही एकटे देणार नाही, घर देणार आहे.

दर शुक्रवारी नाशिक

मी मूळ नाशिक रोडचा, नोकरी पुण्यात, दर शुक्रवारी सिन्नरमार्गे घरी. आमच्या टीमसाठी मुलाखती घेतो, म्हणून टेबलाच्या त्या बाजूचं सांगतो.

एक, वय २७ हा अडथळा नाही. पदवी नसणं हा आहे, हे स्पष्ट सांगतो. बऱ्याच कंपन्यांत अर्ज माणसाच्या हातात येण्याआधीच पदवीच्या रकान्यावर गळतो. तुम्ही ज्या शहरात आहात तिथेच मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय आहे, १९८९ पासून ते नोकरी करणाऱ्यांसाठीच चालतं. बारावी झालेली आहे, तर यंदाच प्रवेश घ्या. अभ्यासक्रमातून फार काही मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, पण तो रकाना भरला जाईल, आणि तीन वर्षं तशीही जाणारच आहेत.

दोन, काही क्लासवाले दोन-तीन वर्षांचा खोटा अनुभव लावून देतात. हात जोडून सांगतो, त्या वाटेला जाऊ नका. कंपन्या पीएफच्या यूएएनवरून (पीएफ खात्याचा कायमचा नंबर) नोकरीचा इतिहास तपासतात. तुमचा पीएफ सातपूरच्या कंपनीत भरला जातोय आणि बायोडेटात बंगळुरूची सॉफ्टवेअर कंपनी लिहिलीय, हे पाच मिनिटांत बाहेर येतं. माझ्यासमोर दोन मुलांच्या ऑफर अशा रद्द झाल्या. त्यातला एक खरंच हुशार होता. सहा वर्षं व्हीएमसी असं खरं लिहा. कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणारे लोक असा माणूस शोधत असतात, ज्याला सायकल टाइम (एक पीस बनायला लागणारा वेळ) म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

तीन, हल्ली सगळे एआयला विचारून कोड लिहितात. विचारा, त्यात गैर नाही. पण मी मुलाखतीत उमेदवाराचाच प्रोजेक्ट उघडायला लावतो आणि म्हणतो, यातल्या या दोन ओळी बदलून दाखवा. ज्यांनी स्वतः लिहिलंय ते लगेच बदलतात. बाकीचे स्क्रीनकडे बघत बसतात. त्यामुळे एआयने दिलेली ओळ समजल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा नियम स्वतःला लावून घ्या.

रात्रीचा लिनक्स

मोजमाप ताईंचं पटतं, पण सगळ्यांनी डेटाच करावा असं नाही. मी आठ वर्षं सर्व्हर सांभाळतो. आपल्या सातपूरच्याच एमआयडीसीत ईएसडीएस कंपनीचं डेटा सेंटर आहे, सेटर भाऊ बहुधा रोज त्याच्या आसपासून जात असतील. अशा ठिकाणी काम शिफ्टमध्येच चालतं, आणि रात्री तीनला अलार्म वाजला तर शांत डोक्याने चेकलिस्ट उघडणारा माणूस लागतो. शिकायचं काय? लिनक्स या सर्व्हरवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कमांड, नेटवर्किंग म्हणजे आयपी, सबनेट, डीएनएस, आणि थोडं बॅश स्क्रिप्टिंग. घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) टाकून सगळं फुकट करता येतं. सहा वर्षं फिरती शिफ्ट केलेल्या माणसाला हा रस्ता जवळचा पडेल असं मला वाटतं.

क्लासबद्दल ताईंइतकं कडक मत नाही माझं. माझ्या धाकट्या बहिणीने लावला होता, तिला त्या वेळापत्रकाचा फायदा झाला. पण तिने पूर्ण फी एकदम भरली नाही, महिन्याची भरायची, आणि लावण्याआधी चार दिवस मागे बसून शिकवणं ऐकलं. जिथे असं बसू देत नाहीत तिथे जाऊ नये.

मोजमाप

लिनक्सचं बरोबर आहे भाऊ, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. दादा, दोन्ही पंधरा-पंधरा दिवस करून बघा. ज्याचा अभ्यास करताना घड्याळाकडे लक्ष जात नाही ते धरा.

सातपूरचा सेटर (पाच आठवड्यांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. क्लासला नाही म्हणून कळवलं. मुक्त विद्यापीठाच्या प्रवेशाची चौकशी करून आलो, कागदपत्रं जमवतोय. लिनक्स पंधरा दिवस केलं, आवडलं, पण पायथनवर बसलो की उठवत नाही. त्यामुळे सध्या तेच.

ताई म्हणाल्या तसं माझ्याच मॅक्रोपासून सुरू केलं. ८० मिमी पीसीडी, १२ होल, दर ३० अंशाला एक. शॉपमध्ये डोळे मिटून लिहितो. पायथनमध्ये तेच लिहिलं, तर दुसऱ्या होलचा एक्स ६.१७० आणि वाय उणे ३९.५२१. यायला हवा एक्स ३४.६४१ आणि वाय २०. असा प्रोग्रॅम मशीनवर गेला असता तर जॉब भंगारात होता. सेकंड शिफ्ट करून आलो होतो, रात्रीचे साडेबारा. ओळ न् ओळ तपासली, सूत्र बरोबर, कंस बरोबर. एआयला विचारणार होतो, पण वर मुलाखती घेणाऱ्या दादांनी लिहिलेलं आठवलं, म्हणून आधी सिंगल ब्लॉकसारखं केलं, प्रत्येक पायरीला किंमत छापून बघितली. कोन ३० बरोबर येत होता. त्याचा कॉस ०.१५४ येत होता. कॉस ३० तर ०.८६६, हे शाळेपासून पाठ आहे. मग डॉक्युमेंटेशनमध्ये वाचलं: मशीनचा कंट्रोलर कोन अंशात घेतो आणि पायथन रेडियनमध्ये (कोनाचं दुसरं एकक). ३० ला आधी रेडियन केलं आणि बाराच्या बारा होल जागेवर आले. बायको जागीच होती. तिला लॅपटॉपवर आकडे दाखवले. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण मी का हसतोय ते कळलं.

आता पुढचं. मॅनेजर साहेबांना विचारून आमच्या सेलचं सहा महिन्यांचं टूल बदलण्याचं रजिस्टर घेतलं. इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं कापायचं टोक) कधी बदलला, किती पीसनंतर, का. आमच्याकडे इन्सर्ट अंदाजाने बदलतात, कुणी लवकर, कुणी तुटल्यावर. मला बघायचंय की ठराविक पीस झाल्यावर बदलला तर किती वाचतील. एक्सेलमध्ये भरून झालं, ११४० ओळी. अडचण तारखांची. चार जणांनी लिहिलंय, प्रत्येकाने वेगळं. कुणी २/३, कुणी २ मार्च, कुणी नुसतं ‘मंगळवार’. हे आधी हाताने सरळ करून घेऊ की पायथनमध्येच करू?

मोजमाप

रेडियनचं वाचून फार आनंद झाला. साडेबाराला उठून न जाता शोधलंत!

हाताने करू नका. मूळ फाइलला अजिबात हात लावायचा नाही, तिची एक प्रत करा आणि सगळं त्या प्रतीवर. उद्या कुणी विचारलं ही तारीख कुठून आली, तर मूळ पान दाखवता आलं पाहिजे. पांडाजमध्ये (पायथनची तक्ते हाताळायची लायब्ररी) तारीख वाचताना डेफर्स्ट ट्रू, म्हणजे आधी दिवस मग महिना, हे आठवणीने लिहा. नाहीतर २/३ म्हणजे ते ३ फेब्रुवारी समजतं, एररही देत नाही, आणि तुमचे मार्चचे इन्सर्ट फेब्रुवारीत जाऊन बसतात. १२ तारखेच्या पुढच्या ओळी त्यातून बहुतेक वेगळ्या वागतील, म्हणून महिन्याप्रमाणे ओळी मोजून रजिस्टरच्या पानांशी ताळा करा.

‘मंगळवार’ लिहिलेल्या ओळी किती आहेत ते आधी मोजा. पाच-दहा असतील तर वरच्या-खालच्या नोंदीवरून तारीख लागेल, आणि ती अंदाजाने लावली आहे असा वेगळा कॉलम ठेवा. जास्त असतील तर अंदाज करू नका, ज्याने लिहिलंय त्या माणसाकडे रजिस्टर घेऊन जा. चहाच्या सुट्टीत विचारा. आणि त्यांना सांगा की तुम्ही हे कशासाठी करताय. माझ्याकडे थर्ड शिफ्टचे काका नंतर स्वतःहून वेळ लिहायला लागले होते, मिनिटासकट.

ओळी मोजल्यात की आकडा इथे टाका. रविवारी दुपारी मी मोकळी आहे, बघू कुठे अडतंय ते.